पडणाऱ्यासाठी हलगी

आमच्या सिनेमाबद्दल पहिल्यांदा लिहून आलं, ते सरांनी क्लासमधल्या मॅटवर मांडी घालून मोठ्यानं वाचलं. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. पुण्याच्या कुठल्या तरी वेबसाइटवर आलं होतं. दीड तारा. सरांनी मोबाइल लांब धरून आधी तारेच दाखवले.

"बघा. अर्धा का असंना, जास्तीचा दिलाय माणसानं."

कुणी हसलं नाही. मग सरांनी पुढचं वाचलं. मारामाऱ्या खोट्या वाटतात. विनोद गावठी आहे. कराटे कमी आणि आदळआपट जास्त. आणि शेवटाकडं एका वाक्यात मी होतो. नावानं नव्हतो, पडद्यावर तरी कुठं माझं नाव होतं. एक गुंड सारखा पडतो आणि उठून शर्ट झटकतो, हे पहिल्यांदा बरं वाटतं, पण पुढं सहनशक्तीचा अंत बघतं, असं काहीसं होतं.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. छापलेल्या अक्षराची मला अजून भीती वाटते. तोंडानं कुणी काही बोललं तर ते वाऱ्यावर जातं, पण लिहिलं म्हणजे झालंच, असं मला वाटत आलंय. त्या दिवशी मॅट झाडताना, पॅड भिंतीला लावताना, चहा आणताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पुण्यात एक शिकलेला माणूस बसलाय, आणि माझ्यापायी त्याच्या सहनशक्तीचा अंत झालाय.

त्या शर्टाचं सांगतो. गुंडांसाठी सरांनी काळे टी-शर्ट आणले होते. मी अंगानं आडवा, मला त्यातला एकही बसेना. मग मी माझाच शर्ट घातला, फिक्या निळ्या रंगाचा, बारीक चौकड्यांचा. बहिणीच्या लग्नात आहेरात कापड आलं होतं, त्याचा शिवलेला. चार माणसांत घालावा असा तेवढा एकच होता माझ्याकडं. पहिल्या दिवशी क्लासच्या इमारतीमागं शूटिंग होतं. सरांनी लाथ मारायची आणि मी वाळूच्या ढिगात पडायचं. पडलो. उठलो, आणि कॅमेरा चालू आहे हे विसरून शर्ट झटकायला लागलो. कॉलर, बाह्या, पाठीवर हात पोचेल तिथवर. कॅमेऱ्यामागची पोरं खिदळायला लागली. मी हात खाली घेतले.

"सर, चुकलं. पुन्हा पडतो."

"खबरदार," सर म्हणाले. "आता दर वेळी हेच करायचं. झटकायचं, आणि पुन्हा मार खायला जायचं."

म्हणून मग सिनेमाभर मी तेच केलंय. रसवंतीत पडलो, म्हशीच्या पाठीवरून घसरलो, लग्नाच्या मांडवात जिलबीच्या परातीत बसलो. आणि दर वेळी उठून, शर्ट झटकून, जिथून आलो तिथंच परत गेलो.

सिनेमाची गोष्ट साधी होती. लातुरात एका इमारतीत वरच्या मजल्यावर कराटेचा क्लास. खाली सगळ्या डॉक्टर-इंजिनियर करणाऱ्या शिकवण्या. मालकाला वरचा मजलाही शिकवणीलाच द्यायचाय, म्हणून तो गुंड पाठवतो, आणि कराटेचे सर त्यांना बदडतात. हिरो सर स्वतः. लिहिलंही त्यांनीच. आमचा क्लास खरोखरच तसल्याच इमारतीत आहे, त्यामुळं त्यांना फार काही बनवून लिहावं लागलं नाही. खालची पोरं पुस्तकं छातीशी धरून जिना चढतात आणि वरून आमचं 'हाऽ हूऽ' ऐकून दचकतात.

सरांचे माझ्यावर उपकार आहेत, ते इथं सांगितले नाहीत तर मला झोप लागणार नाही. माझं गाव धर्माबादच्या पल्याड, अगदी राज्याच्या शिवेवर. तिथं अर्धं बोलणं तेलुगू, अर्धं मराठी. शाळा सुटल्यावर गावातल्या एकाच्या ओळखीनं मी लातूरला दालमिलमध्ये पोती उचलायला आलो. गाव इतकं लांब पडलं की पहिल्या वर्षी एका सणालाही जाणं झालं नाही. एक दिवस सर मिलवर जुना बारदाना मागायला आले. ठोसे मारायला पोतं टांगायचं होतं त्यांना. ते भरायचं काम माझ्याकडं आलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पोत्यात पोतं घातलं आणि तुरीचं भुसकट बुटानं ठासून ठासून भरलं. दुसऱ्या दिवशी सरांनी पहिलाच ठोसा मारला आणि त्यांचं मनगट सुजलं. पट्टी बांधून ते मिलवर आले तसा मी पोत्यांच्या थप्पीच्या मागं दडलो. सर तिथंच येऊन म्हणाले, "एवढं मन लावून काम करणारा मला पाहिजे. येतोस का?"

तेव्हापासून मी क्लासमध्ये. मॅट अंथरतो, कुलूप-किल्ली बघतो, पोरांच्या ठोशांपुढं पॅड धरून उभा राहतो. राहायची खोली सरांनीच बघून दिली. घरी फोनवर मी सांगितलं, "कराटेच्या क्लासात हाय." घरच्यांनी त्याचं काय केलं ते मला फार उशिरा कळलं.

लातुरात सिनेमा लागला तेव्हा जो तो काहीतरी बोलतच होता. क्लासमधल्या एका मुलाची आई जिना चढून वर आली आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाली, "बाळाला शिस्त लागावी म्हणून पाठवलं होतं सर, विदूषक व्हायला न्हाई." आणि बाळाला घेऊन गेली. बाळ जाताजाता जिन्यात मुद्दाम पडलं आणि उठून शर्ट झटकला. ही एक नवीच पंचाईत होऊन बसली होती. ठोसा मारायला कुणी तयार नाही, सगळ्यांना पडायचंच होतं. बेल्टच्या परीक्षेत पोरं रांगेनं पडून दाखवायला लागली. सरांनी डोक्याला हात लावला.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तिथल्या पेपरात लिहिलं, की विनोदाला विचारांची बैठक लागते. सर म्हणाले, "बैठका तर मी रोज मारतो की." पण हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. थेटरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या जात होत्या. परीक्षांचे दिवस होते, लातुरात त्या दिवसांत कुणी जोरात शिंकत नाही, सिनेमा कोण बघतो. आठवड्यानं पोस्टर उतरलं. मग नांदेडच्या एका थेटरवाल्यानं शुक्रवार ते रविवार दुपारचे दोन खेळ द्यायचं कबूल केलं.

"नांदेडला चालला तर चालला," सर म्हणाले. "न्हाईतर आपला डबा बंद."

नांदेडच्या पेपरात खेळांची जाहिरात आली, त्याच संध्याकाळी घरून फोन आला. आमच्याकडं बापाला नाना म्हणतात. नाना स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळं मी आधी घाबरूनच उचलला.

"चौकात तुझा बोर्ड लावलाय," नाना म्हणाले.

"कसला बोर्ड?"

"कराटे मास्टर म्हणून. गावचे सुपुत्र. तोंड तुझं हाय, भाच्यानं मोबाइलातनं काढून लावलंय. धड दुसऱ्या कुणाचं तरी हाय. पाय असा वर डोक्यापतोर गेलाय. लई भारी दिसून राहिलास."

मी भिंतीला टेकलो.

"नाना, मी हिरो न्हाई."

"नसंना का. कराटे तर हाय?"

"हाय. पर मी मार खाणाऱ्यात हाय."

पलीकडं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज येत राहिला.

"शेवटाला तरी मारतूस का न्हाई?"

"न्हाई."

"मदी एखाद्या वक्ताला?"

"न्हाई, नाना."

"बाया-बापड्या बी मारतेत का काय?"

"एक म्हातारी मारती. चपलेनं."

ट्रॅक्टर बंद झाला. मला वाटलं फोनच कट झाला.

"बरं," नाना म्हणाले. "पिकअप ठरलाय. रविवारच्या बाराच्या खेळाला येतो. सगळेच येऊन राहिलेत."

"नका येऊ, नाना. काय सांगायचं ते मी सांगतो गावाला, मी..."

"बोर्ड लावल्यावर येत न्हाई कसं म्हणावं?" आणि त्यांनी फोन ठेवला.

इथं एक सांगायला पाहिजे. नाना आमच्या जत्रेत कुस्तीच्या फडात पंच असतात. कुणाची पाठ लागली, कुणाची नाही, हे नानांनी हात वर केल्यावर ठरतं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की आजूबाजूच्या गावचे पैलवानही वाद घालत नाहीत. अशा माणसाचा मुलगा. पडद्यावर, पंधरा हात उंचीचा, सगळ्या गावादेखत एका म्हातारीच्या चपलेनं आडवा होणार. आणि चौकात पाय वर केलेला बोर्ड. माझं काय, मी लातूरला परत आलो असतो. नानांना त्याच चौकातून रोज जायचं होतं. रविवारपर्यंत रोज मी डबा तसाच परत न्यायचो. सर म्हणायचे, "अरे, ते तुझ्यावर रागावले का?" मी म्हणायचो, "रागावले असते तर बरं झालं असतं."

शुक्रवार-शनिवारची बातमी आली ती काही बरी नव्हती. रविवारी सकाळी सर आणि मी एसटीनं नांदेडला पोचलो, तर थेटरासमोर आमच्या गावचा पिकअप आधीच उभा. आणि थेटराच्या दर्शनी भिंतीवर, सरांच्या पोस्टरवर बरोब्बर बसेल असा, माझा बोर्ड बांधलेला. चौकातला काढून आणला होता. सरांचा फक्त एक कान बाहेर राहिला होता. मी सरांकडं बघायचं टाळलं. सर मात्र मान वाकडी करून बोर्ड नीट बघून म्हणाले, "बरं झालं. माझा फोटो लई वाईट आलता त्यात."

दारात वाद चालू होता. आमच्या गावचे हलगीवाले काका, नानांचे लहानपणापासूनचे जोडीदार, गळ्यात हलगी अडकवून उभे होते, आणि दारावरचा माणूस त्यांना आत सोडत नव्हता.

"चचा, ये अंदर नै जाता. पिच्चर है, बारात नै."

"आमचा पैलवान आत, अन् हलगी बाहेर? असं कुठं असतंय?"

"पैलवान पडदे पे है, चचा!"

"मग त्याला काय ऐकू येत न्हाई का?"

हे हसण्यासारखं वाटेल, पण आमच्याकडचा रिवाज ज्याला माहीत आहे त्याला काकांचं बरोबरच वाटेल. फडात आपल्या गावचा गडी उतरला की आपल्या गावची हलगी वाजलीच पाहिजे. तो जिंकेल का हरेल याचा तिच्याशी संबंध नाही. ज्याच्यासाठी हलगी वाजत नाही तो बिनगावाचा. गावातनं निघताना काकांना कुणीतरी सांगितलं होतं, की मारामारीचा सिनेमा आहे, आपलं पोरगं उतरणार आहे. काकांनी त्याचा अर्थ त्यांना येतो तसा लावला आणि लगेच हलगी शेकून, कातडं ताणून बरोबर घेतली.

शेवटी सर मध्ये पडले. "मी हिरो हाय याचा, माझी जबाबदारी," असं त्यांनी सांगितलं. दारावरच्यानं सरांना वरखाली बघितलं, मग बोर्डाकडं बघितलं, सरांचा चेहरा त्यावर कुठं दिसेना. "जाओ," तो म्हणाला, "लेकिन बजाए तो सीधा बाहर."

नाना पिकअपजवळ उभे होते. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर उपरणं, जत्रेला घालतात तसं. मी पाया पडलो. "जेवलास का?" एवढंच बोलले. आई माझ्याकडं बघून हसली आणि लगेच नानांकडं बघून गप्प बसली. म्हणजे तिला माहीत होतं. बाकी कुणाला माहीत नव्हतं. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या, मास्टर, मास्टर चाललं होतं.

गाव पुढं बसलं. मी आणि सर सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ. मला तिथून नानांची टोपी तेवढी दिसत होती. बाकीचं पब्लिक नांदेडचं. नावं पडायला लागली आणि त्यात लातूर आलं, तसा अंधारातून आवाज आला.

"लातूरकर, पाणी प्यायला आलाव का पिच्चर दावायला?"

लातूरची पाणीटंचाई सगळ्यांना माहीत, सगळे हसले. आमच्या सरांचा पहिला डायलॉग त्या हसण्यात वाहून गेला. दुसऱ्यावर कुणी हसलं नाही. एकानं लांबलचक जांभई दिली, ती दोन्ही भिंतींना लागून परत आली. सरांनी माझा दंड धरला होता तो सोडला आणि हात आपल्या मांडीवर ठेवला.

मग गुंड आले. जिन्यातून एकेक वर चढतो, त्यात सगळ्यात शेवटी मी. पडद्यावर माझं तोंड दिसलं मात्र, पुढच्या रांगेत हलगी कडाडली.

तुम्ही बंद खोलीत हलगी ऐकलीय का? छत खाली येतं असं वाटतं. अख्खं थेटर खुर्चीतून उठलं. "अबे कोन बजारा?" दारावरचा माणूस टॉर्च घेऊन धावला. तेवढ्यात पडद्यावर मारामारी इमारतीमागं पोचली, सरांनी लाथ मारली आणि मी वाळूत पडलो. हलगी एकदम थांबली. फडात गडी पडला की थांबते तशीच. थेटर चिडीचूप. आणि त्या शांततेत मी पडद्यावर उठलो, कॉलर झटकली, एक बाही झटकली, दुसरी झटकली. आमचा गडी उठला हे काकांनी बघितलं, आणि हलगी पुन्हा हळूच सुरू झाली, मी एकेक पाऊल पुढं टाकेन तशी चढत गेली. मी सरांपर्यंत पोचलो. सरांनी पुन्हा ठेवून दिली. हलगी बंद.

थेटर फुटलं. मी आयुष्यात एवढं हसणं एका जागी ऐकलं नव्हतं. टॉर्च घेऊन आलेला माणूस काकांच्या खुर्चीपाशी पोचला होता, तिथंच वाकून तो पोट धरून हसत होता.

त्यानंतर लोक सिनेमा बघत नव्हते, माझी वाट बघत होते. मी दिसलो की हलगी, पडलो की शांतता, उठलो की हलगी. रसवंतीत पडलो तेव्हा कुणीतरी ओरडलं, "चचा, उठाव उसको!" आणि काकांनी खरंच उठवलं, म्हणजे काकांनी वाजवलं आणि मी उठलो, त्या अंधारात तसंच वाटत होतं. म्हशीवरून पडल्यावर पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मघाशी पाण्यावरून टोमणा मारणारा तोच आवाज आता ओरडत होता, "झटक भाऊ, मागं बी लागलंय, मागं!"

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे मी न्हाई रे लिहिलं."

आणि मग ती म्हातारी आली. मी डोळे मिटून घेतले. चपलेचा आवाज ऐकला. हलगी थांबली. तिथं सिनेमात मी बराच वेळ पडून राहतो, म्हातारी माझ्याभोवती एक फेरी मारते, मरण पावलो का बघते. थेटरात कुणी हललं नाही. मग एका बाजूनं कुणीतरी हळू म्हणालं, "उठ." दुसरीकडून, "उठ की." मग सगळं थेटर, बाया, पोरं, दारावरचा माणूस, "उठ! उठ!" मी डोळे उघडले. पडद्यावर मी उठत होतो. सावकाश, एका कोपरावर, मग गुडघ्यावर. पहिल्यांदा कॉलर झटकली, आणि पुढं हलगी वाजली का नाही ते मला माहीत नाही, टाळ्या-शिट्ट्यांच्या वर काही ऐकूच येत नव्हतं.

शेवटी सरांनी मालकाला हवेत उडी मारून लाथ घातली. ती लाथ बसवायला त्यांनी दोन महिने गुडघा धरून सराव केला होता. ती कुणी बघितली असेल असं मला वाटत नाही. सर म्हणाले, "जाऊ दे."

बाहेर आलो तर लोक फोटोसाठी अंगावर. एक वयस्कर गृहस्थ त्यातून वाट काढत आले. तिथल्या पेपरात नाटक-सिनेमावर लिहितात असं त्यांनी सांगितलं. लिहितात म्हणल्यावर मी दोन्ही हात मागं बांधून उभा राहिलो.

"तो शर्ट झटकायचा, त्यामागं काय विचार होता तुमचा?"

"साहेब," मी म्हणलं, "शर्ट माझा होता."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा लेख आला. मार खाऊनही आपला आब सोडत नाहीत अशा सगळ्या माणसांचा तो शर्ट आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. हलगीवरही लिहिलं होतं. सरांनी मॅटवर बसून वाचलं आणि म्हणाले, "बघ, केवढं काय काय होतं तुझ्या शर्टात, अन् तू नुसतीच वाळू झटकत होतास." त्या लेखानंतर सोमवारी सिनेमा उतरला नाही. अर्धापूरची मंडळी टेम्पो करून आली आणि आधी तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, हलगीवाला खेळ कुठला. थेटरवाल्यानंच मग हलगी ठेवली. लातूरला आमचं पोस्टर पुन्हा लागलं. ते बाळ क्लासमध्ये परत आलं, आई यावेळी चप्पल काढून आत आली आणि माझ्यासोबत फोटो काढून गेली. पुण्याच्या वेबसाइटवर आजही दीडच तारा आहे. मी अधूनमधून उघडून बघतो. आता भीती वाटत नाही असं म्हणत नाही, पण पूर्वीइतकी वाटत नाही.

पण हे पुढचं झालं. त्या रविवारी, पहिला खेळ सुटल्यावर, मी त्या सगळ्या गर्दीतून नानांना शोधत होतो.

आई आधी भेटली. तिनं माझी बाही वर सारून कोपर बघितलं. "लागलं का रे?" म्हणाली. शूटिंग होऊन वर्ष होत आलं होतं. "न्हाई गं आई," म्हणलं, तरी तिनं दुसरंही कोपर बघितलं.

नाना पिकअपच्या सावलीत उभे होते. गावची माणसं काकांना खांद्यावर घेत होती, त्यात ते नव्हते. मी जाऊन समोर उभा राहिलो. फडातला गडी पंचासमोर उभा राहतो तसा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं आणि सरळ तिकिटाच्या खिडकीकडं चालू लागले.

"नाना, कुठं?" पिकअपवाला ओरडला. "परत निघायचंय. लांबचा पल्ला हाय."

"निघू की. तीनचा खेळ बघून."

"आत्ताच तर बघितला!"

"मी कुठं बघितला?" नाना म्हणाले. "मी मागं वळून माणसांकडंच बघत होतो. कोण हसतंय, कसं हसतंय."

 माझ्याच्यानं राहवेना.

"मग, नाना?"

ते थांबले. जरा वेळ विचार केला. पाठ लागली का नाही हे सांगायच्या आधी करतात तेवढाच.

"वाईट न्हाई हसले," ते म्हणाले. "आता मला बघू दे."

तीनच्या खेळाला मी त्यांच्या शेजारी बसलो. आई त्यांच्या पलीकडं. बाराच्या खेळाची बातमी तोवर बाजारात गेली होती, उभं राहायला जागा नव्हती. नाना पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, डोळे बारीक करून बघत होते. वाळूत पडलो तेव्हा त्यांचं तोंड हललं नाही. रसवंतीत पडलो तेव्हा नाकातून नुसता आवाज काढला. मी पडदा बघतच नव्हतो, त्यांच्याकडंच बघत होतो. मग मी म्हशीवरून घसरलो, आणि नाना हसले. आधी खांदे हलले, मग टोपी सरकली, मग त्यांनी माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मी कळवळलो. म्हातारीनं चप्पल काढली तेव्हा ते उपरण्यानं डोळे पुसत होते आणि आईला म्हणत होते, "आता बघ, आता मारती बघ."

थेटरात "उठ, उठ" सुरू झालं. नाना खुर्चीतून निम्मे उठले. त्यांच्या पलीकडं, आईला ओलांडून, कुणीतरी अनोळखी माणूस बसला होता. त्याला त्यांनी हात लांब करून हलवलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं.

"आमचं हाय ते," नाना ओरडून सांगत होते. "मार खाणारं. ते आमचं पोरगं हाय."